गाळणीचें गणित

श्रीखंडासाठीं दही फडक्यांत बांधून खुंटीला टांगलें म्हणजे प्रथम पाण्याची धार लागते. मग धारेचे थेंब होतात, आणि रात्रीं उशिरां तर दोन थेंबांमध्यें बरेंच अंतर पडतें. फडकें तेंच, दहीही तेंच. मग धार कां आटली? कारण फडक्याच्या आंतल्या बाजूस चक्क्याचा थर जमत जातो, आणि पुढें जें पाणी बाहेर पडावयाचें त्याला फडक्यापेक्षां त्या थरांतूनच वाट काढावी लागते. गाळणीनें जें अडविलें तेंच नवी गाळणी होऊन बसतें. ही गोष्ट कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. परंतु अमुक वेळानें धार किती उरेल हें अगोदर आकड्यांत सांगणें विद्वानांना दीडशें वर्षांत पुरतेपणीं साधलेलें नाहीं. त्या खटपटीचा इतिहास मनोरंजक आहे, आणि त्याचा सर्वांत चमत्कारिक भाग गेल्या तीस-पस्तीस वर्षांतलाच आहे.

गाळणें ही क्रिया स्वयंपाकघरापुरती नाहीं. तिच्यावर शहरेंच्या शहरें जगलीं आहेत. १८९२ सालीं जर्मनींतील हॅम्बुर्ग शहरांत पटकीची सांथ उसळली आणि सुमारें ८,६०० माणसें दगावलीं. शेजारचें आल्टोना शहर त्याच एल्ब नदीचें, आणि तेंही हॅम्बुर्गचें सांडपाणी मिसळल्यानंतरचें पाणी पीत होतें. मात्र आल्टोनांत तें वाळूच्या थरांतून सावकाश गाळून देत. हॅम्बुर्गांत नदींतून आलें तसें तें नळांत जाई. दोन्ही शहरांची शींव कांहीं ठिकाणीं एकाच रस्त्यावरून जात होती. रस्त्याच्या एका बाजूस घरोघर रोगी, दुसऱ्या बाजूस जवळजवळ शांतता! रॉबर्ट कॉख यानें हा दाखला पुढें मांडल्यावर वाळूच्या गाळणीविरुद्ध बोलणें कठीण झालें.

पण वाळूलाही मर्यादा होती, आणि ती एका शतकानंतर उघडी पडली. १९९३ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी शहराच्या पाण्यांत क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा सूक्ष्म जीव शिरला. त्याचें कोश मिलिमीटरच्या दोनशेंव्या भागाएवढें, आणि क्लोरिनला तें दाद देत नाहींत. गाळणघर चालू होतें, क्लोरिनही घातलेला होता. तरीही अंदाजें ४ लक्ष लोक आजारी पडले. तेव्हांपासून पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरांचें लक्ष वाळूकडून पडद्याकडे अधिकाधिक वळूं लागलें. कारण पडद्याचीं छिद्रें त्या कोशांच्या मानानें शंभरपट लहानसुद्धां करतां येतात.

हा पडदा कांहीं नवा नव्हता. १७४८ सालीं फ्रान्समध्यें अॅबे नोले ह्या धर्मगुरूनें मद्यार्कानें भरलेल्या भांड्याचें तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या कातड्यानें बांधून तें भांडें पाण्यांत बुडवून ठेविलें. कातडें हळूहळू फुगत गेलें. बाहेरचें पाणी आंत शिरत होतें, पण आंतला मद्यार्क तितक्या सहजतेनें बाहेर येत नव्हता. पडदा निवड करतो, सगळ्यांना सारखी वाट देत नाहीं, ही गोष्ट येथें प्रथम स्पष्ट दिसली. नोलेला तिचा हिशेब मांडतां आला नाहीं. परासरणाचा तो हिशेब व्हांट हॉफ ह्या डच रसायनशास्त्रज्ञानें १८८५ नंतर मांडला, आणि रसायनशास्त्राचें पहिलें नोबेल पारितोषिक १९०१ सालीं त्यालाच मिळालें.

दुसरीकडे, गाळणाऱ्या थरांतून पाणी किती वाहतें ह्याचा कायदा सांपडला तो एका नळयोजनेच्या इंजिनियराला. आंरी डार्सी यानें फ्रान्समधील दिझों ह्या आपल्या गांवाला झऱ्याचें पाणी आणून दिलें होतें. पुढें त्यानें वाळूनें भरलेल्या उभ्या नळकांड्यांतून पाणी सोडून मापें घेतलीं, आणि १८५६ सालीं दिझोंच्या पाणीपुरवठ्यावरील आपल्या ग्रंथाच्या एका परिशिष्टांत तीं छापलीं. ग्रंथ कोणाच्या फारसा स्मरणांत नाहीं. परिशिष्ट मात्र अजून शिकविलें जातें. दाब दुप्पट केला तर धार दुप्पट. थर दुप्पट जाड केला तर धार निम्मी. इतकाच तो कायदा. पुढें त्यांत पाण्याच्या दाटपणाचीही भर पडली. थंड पाणी अधिक दाट असतें: ५ अंशांवरील पाणी २० अंशांवरील पाण्याच्या जवळजवळ दीडपट दाट. म्हणून तोच पडदा आणि तोच दाब असतांही कडक हिवाळ्यांत पाणी दोन-तृतीयांशच मिळतें. ही लहानशी गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तिचें काम पुढें पडणार आहे.

फ्रँकफुर्टच्या बेक्होल्ड यानें १९०७ सालीं गाळण कागदावर कलोडियनचें पूट देऊन हव्या तितक्या बारीक छिद्रांचे पडदे तयार केले, आणि गोटिंगेनच्या झिग्माँडी यानें, ज्याला १९२५ चें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें, ते कारखान्यांत करण्याजोगे बनविले. पडदे आले, आणि त्यांच्याबरोबर चक्क्याचा प्रश्नही आला. पडदा तुंबतो कसा? १९३०-४० च्या दशकांत हरमान्स आणि ब्रेडे ह्या संशोधकांनीं त्याचे निरनिराळे प्रकार गणितांत मांडले, आणि १९८२ सालीं बेल्जियमच्या हर्मिया यानें ते चारही एका सूत्राखालीं आणले. एका प्रकारांत प्रत्येक कण एकेका छिद्राला बूच मारतो. दुसऱ्यांत कण छिद्राच्या आंत शिरून भिंतींना चिकटतात व छिद्र अरुंद होत जातें. तिसऱ्यांत कांहीं कण बूच मारतात तर कांहीं आधींच्या कणांवर जाऊन बसतात. चौथा म्हणजे आपला चक्का: वर थरावर थर.

चौथ्या प्रकाराचें गणित सोपें व सुंदर आहे. दाब कायम असेल आणि पडद्याचा स्वतःचा विरोध नगण्य धरला, तर पहिली घागर गाळण्यास एक तास लागल्यास दोन घागरींस मिळून चार तास आणि तीन घागरींस नऊ तास लागतात. पण नदीचें पाणी सूत्र वाचून येत नाहीं. त्यांत माती असते, कुजलेल्या पाल्याचा अर्क असतो, शेवाळाचा बुळबुळीत द्रव असतो. आरंभीं एक प्रकार चालतो, मध्यें दुसरा, शेवटीं तिसरा, आणि बहुधा सगळे मिसळून.

मधल्या काळांत पडद्यानें एक मोठी उडी घेतली होती. समुद्राचें पाणी पडद्यांतून गाळून गोडें करावयाचें तर परासरणाचा सुमारें २७ वातावरणांचा उलटा जोर आधीं मोडावा लागतो. फ्लॉरिडांतील रीड व ब्रेटन यांनीं १९५९ च्या सुमारास दाखविलें कीं सेल्युलोज अॅसिटेटचा पडदा मीठ अडवितो. परंतु त्यांतून पाणी इतकें थोडें येई कीं त्याचा व्यवहारांत उपयोग नव्हता. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विश्वविद्यालयांत सिडने लोब आणि भारतांत जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन ह्या दोघांनीं ती अडचण फोडली. त्यांच्या पडद्याची एक गंमत होती. एक बाजू खाऱ्या पाण्याकडे ठेविली तर मीठ अडे, दुसरी ठेविली तर नाहीं! पडदा सर्वत्र सारखा नव्हता. एका अंगास अतिशय पातळ, घट्ट साल, आणि तिच्याखालीं जाड पण सच्छिद्र आधार. विरोध फक्त त्या सालीचा. म्हणून पाणी भरपूर आणि मीठ बाहेर. १९६० च्या सुमारास हा शोध लागला, आणि १९६५ सालीं कॅलिफोर्नियांतील कोअलिंगा गांवाला अशा पडद्यांतलें पाणी मिळूं लागलें. आज शहरांतल्या घरोघरीं भिंतीवर लटकणारी 'आर. ओ.' ची पेटी ह्याच घराण्यांतली आहे, जरी तिच्यांतील साल पुढें कॅडॉट यानें शोधलेल्या पॉलिअमाइडची असते. मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें कल्पक्कम येथें रोज १८ लक्ष लिटर समुद्राचें पाणी गोडें करणारा उलट परासरणाचा कारखाना उभारला, तोही त्याच वंशांतला.

कारखाने मोठे झाले तसा भविष्याचा प्रश्न पैशांचा आणि आरोग्याचा झाला. पडदा तुंबूं लागला कीं उलट्या बाजूनें पाणी सोडून तो धुवावा लागतो, आणि कांहीं काळानें औषधी पाण्यानें. वारंवार धुतला तर गाळलेलें पाणी वायां जातें व औषधांनीं पडदा झिजतो. उशीर केला तर थर असा चिकटतो कीं मग निघत नाहीं. दाब वाढवून धार टिकविण्याचा मोह होतो, पण त्यानें थर अधिकच दाबला जातो. धुण्याची वेळ कोणती? आणि उद्यां शहराला पाणी पुरेल काय? ह्याचें उत्तर भौतिकशास्त्राकडे मागितलें गेलें.

तेथें भौतिकशास्त्राची फजिती झाली. १९६८ च्या सुमारास अॅलन मायकेल्स यानें असा सिद्धान्त मांडला कीं पडद्यालगत अडलेल्या पदार्थाची लापशी होते, आणि तिच्यांतून पदार्थ मागें प्रवाहांत किती वेगानें पसरतो ह्यावर धार ठरते. प्रथिनांच्या द्रावणांना तो चांगला लागू पडला. पण जरा मोठ्या कणांच्या, मातीच्या वा रक्तपेशींच्या मिश्रणांत प्रत्यक्ष धार सिद्धान्ताच्या दहापट, कधीं कधीं त्याहूनही कितीतरी अधिक निघाली. धारेचा हा विरोधाभास वर्षानुवर्षें संशोधकांना छळीत राहिला. आडव्या प्रवाहाच्या घसटण्यानें कण एकमेकांवर आपटून मागें फेकले जातात, ही गोष्ट पहिल्या सूत्रांत धरलेलीच नव्हती. ती झिडनी व कोल्टन यांनीं १९८६ सालीं हिशेबांत घेतली, तेव्हां कोठें कोडें पुष्कळ सुटलें. सूत्र खोटें नव्हतें, अपुरें होतें. आणि अपुऱ्या सूत्राचा दोष हा कीं तें आपलें अपुरेपण सांगत नाहीं.

ह्याच सुमारास अगदीं वेगळ्या घरांतून एक नवा मदतनीस आला. १९४३ सालीं मॅक्कलॉक व पिट्स यांनीं मेंदूंतील मज्जापेशीचें गणिती चित्र काढलें होतें. १९५८ त रोझेनब्लाट यानें अशा कृत्रिम पेशींना उदाहरणांवरून शिकवितां येतें हें दाखविलें. मध्यंतरीं ती विद्या मागें पडली. आणि १९८६ त रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांनीं थरांथरांचें जाळें चुकीवरून मागें मागें सुधारीत नेण्याची रीत प्रसिद्ध केल्यावर ती पुन्हां उभी राहिली. ह्याला न्यूरल नेटवर्क, म्हणजे मज्जाजाल, म्हणतात. त्याची जात जुन्या नाडीवैद्याची. हजारों नाड्या हातांखालून गेलेल्या वैद्याला कारण विचारलें तर तें शब्दांत सांगतां येईलच असें नाहीं, पण निदान बहुधा बरोबर येतें. मज्जाजालाला दाब, तपमान, गढूळपणा असे आकडे द्यावयाचे, प्रत्यक्ष आलेली धार दाखवावयाची, आणि त्याचें उत्तर चुकलें कीं आंतील जोडण्या थोड्या थोड्या बदलावयाच्या. असें हजारों वेळां.

पडद्याच्या कामीं हें जाळें लावण्याचा मान बऱ्याच अंशीं फ्रान्सकडे जातो. १९९५ सालीं दोर्निये व त्याच्या सहकाऱ्यांनीं उंसाच्या कच्च्या साखरेचा पाक पडद्यांतून गाळतांना विरोध कसकसा वाढत जातो हें मज्जाजालाकडून वदविलें. १९९८ त तुलूझच्या संशोधकांनीं पिण्याच्या पाण्यावर तोच प्रयोग केला: कच्च्या पाण्याचा गढूळपणा, तपमान, धार इत्यादि आकड्यांवरून फेरीच्या शेवटीं दाब किती होईल आणि धुतल्यानंतर किती उरेल, हें अगोदर सांगावयाचें. त्याच वर्षीं वेल्समधील स्वान्सी येथें बोवेन व त्याच्या सहकाऱ्यांनीं प्रथिनांच्या द्रावणांत आम्लता व क्षार बदलले असतां धार कशी बदलते हें जाळ्याला शिकविलें. उत्तरें चांगलीं आलीं. सूत्रांपेक्षांही पुष्कळदां चांगलीं.

पण नाडीवैद्याला परक्या मुलुखांत नेलें तर? उन्हाळ्याच्या आकड्यांवर शिकलेलें जाळें हिवाळ्यांत चांचपडूं लागतें, कारण थंड पाणी दाट असतें हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. त्यानें पाहिलेलें असेल तरच तें जाणतें. दाब शून्य केला तर धार शून्य झाली पाहिजे, एवढी साधी गोष्टही तें प्रसंगीं विसरतें. शिवाय ह्या विषयावरील पुष्कळ निबंधांत एक अप्रामाणिक नव्हे पण भाबडी चूक आढळते. एकाच प्रयोगांतील दर मिनिटाचे आकडे घेऊन त्यांतले कांहीं शिकविण्यास व उरलेले परीक्षेस ठेवतात. दहाव्या व बाराव्या मिनिटाचें उत्तर ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला अकराव्या मिनिटाचें विचारणें ही परीक्षा नव्हे. निराळ्या दिवसाचें, निराळ्या ऋतूचें पाणी पुढें ठेवावें, म्हणजे खरी किंमत कळते.

ह्या अडचणींतून मार्ग निघाला तो असा कीं, शास्त्री आणि वैद्य दोघांनाही एकाच घरांत ठेवावें. मूळ कल्पना पडद्यासाठीं नव्हती. पेनसिल्व्हानिया विश्वविद्यालयांतील सिखोगिओस व अंगर यांनीं १९९२ सालीं जंतूंच्या वाढीच्या एका पात्रासाठीं ती मांडली. पात्रांत जितका पदार्थ घातला तितक्याचा हिशेब लागलाच पाहिजे, हा भाग भौतिक नियमाकडे. जंतू कोणत्या वेगानें वाढतात, जें कोणाला नीट लिहितां येत नाहीं, तेवढा भाग मज्जाजालाकडे. १९९७ त पिराँ, लात्रिय व रेने यांनीं हीच पद्धत गाळणीला लावली: पावाच्या किण्वाच्या मिश्रणावर एकीकडे नुसतें मज्जाजाल, तर दुसरीकडे अर्धें भौतिक व अर्धें मज्जाजाल, असे दोन्ही नमुने त्यांनीं शेजारीं शेजारीं उभे केले.

संकर कसा होतो हें डार्सीच्या कायद्यावरूनच उमगतें. धार म्हणजे दाब, भागिले पाण्याचा दाटपणा गुणिले एकूण विरोध. दाब मापतां येतो. दाटपणा तपमानावरून कोष्टकांत सांपडतो. कोऱ्या पडद्याचा विरोध शुद्ध पाणी सोडून काढतां येतो. अज्ञात राहतो तो एकच: जमलेल्या थराचा विरोध. मज्जाजालाला फक्त तेवढी रिकामी जागा भरण्यास सांगावयाचें. आतां हिवाळ्याचें भय बरेंच कमी होतें, कारण थंडीचा हिशेब कोष्टक करतें. दाब शून्य तर धार शून्य हेंही आपोआप पाळलें जातें. आणि जाळ्याला शिकावयाचें थोडें असल्यामुळें थोड्या प्रयोगांत भागतें. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. पडद्याचा एकेक प्रयोग दिवसचे दिवस चालतो, त्यामुळें ह्या विद्येला आकड्यांची नेहमींच चणचण असते.

दुसरी एक रीत आहे. भौतिक सूत्राला त्याचें भाकीत करूं द्यावें, तें किती चुकतें तेवढें मज्जाजालाला शिकवावें, आणि दोहोंची बेरीज घ्यावी. ही रीत सोपी म्हणून लोकप्रिय झाली, पण ती सावधपणानें वापरावी अशी आहे. सूत्रच दहापट चुकत असेल, जसें मायकेल्सचें मोठ्या कणांच्या बाबतींत चुकत होतें, तर बेरजेंत बहुतेक भार जाळ्यावरच पडतो, आणि शास्त्राचें नांव लागून अनुभवच बोलत राहतो. तिसरी रीत अलीकडची. भौतिक नियम जाळ्याच्या बाहेर न ठेवतां शिकवणींतच घालावयाचा: उत्तर आकड्यांशीं जुळलें नाहीं तर दंड, आणि निसर्गाच्या समीकरणाशीं जुळलें नाहीं तरीही दंड. ह्या दिशेनें ग्रीसमधील लागारिस व सहकारी यांनीं १९९८ तच पाऊल टाकलें होतें. २०१९ सालीं रेसी, पेर्दिकारिस व कार्निआदाकिस यांच्या निबंधानंतर ती रीत सर्वत्र पसरली आणि पडद्याच्या संशोधकांपर्यंतही पोंचली.

ह्या तिन्ही रीतींनीं मिळालेला लाभ खरा आहे, पण त्याचा आवांका ओळखून असावें. पुढच्या कांहीं फेऱ्यांत दाब किती चढेल हें अशीं मिश्र यंत्रें चांगलें सांगतात, आणि धुण्याची वेळ ठरविण्यास तेवढें पुरतें. तोच पडदा तीन वर्षांनीं कसा वागेल हें सांगणें निराळें. तेथें औषधांनीं झालेली झीज, नदीच्या वरच्या अंगास नव्यानें निघालेला कारखाना, अशा गोष्टी येतात, ज्या कोणत्याच आकड्यांत नसतात. शिवाय एका ठिकाणीं शिकलेलें जाळें दुसऱ्या नदीवर नेलें तर भौतिक भाग तसाच उपयोगीं पडतो, शिकलेला भाग मात्र पुन्हां शिकवावा लागतो. म्हणून चांगला यंत्रज्ञ भाकिताच्या आकड्याबरोबर दुसरा एक आकडाही मागतो: आजचें पाणी शिकवणीच्या वेळच्या पाण्याहून किती दूर आहे? उन्हाळ्यांत हें अंतर थोडें असतें. मृगाचा पहिला पूर आला म्हणजे तें एकदम वाढतें. तपमानाचा व दाबाचा हिशेब तेव्हांही बरोबर असतो, पण थराच्या विरोधाचा आंकडा केवळ अंदाज होऊन बसतो. अशा रात्रीं गाळणघरांतील पाळीवरचा माणूस पडद्यावरचा आकडा बाजूस ठेवतो, कच्च्या पाण्याचा एक कांचेचा पेला भरून घेतो आणि दिव्यासमोर धरून पाहतो.